जनरेटरचे इंजिन चोक लावल्याशिवाय चालत नाही: कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी काय तपासावे?

दोरीओढ्या (धागालेखक)

माझ्याकडे एक छोटा जनरेटर आहे. त्याचे इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारे आहे. सुमारे आठ महिने तो वापरला गेला नाही आणि टाकीत अर्धे पेट्रोल तसेच राहिले. परवा पंधरा-वीस वेळा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झाले, परंतु चोक पूर्ण लावलेला असेपर्यंतच ते चालते. चोक अर्ध्यावर आणला की आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो, आणि चोक पूर्ण काढला की दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद पडते. प्लग नवा घातला, हवेचा फिल्टर धुऊन वाळवून बसवला, ऑइलची पातळी पाहिली. फरक काहीच पडला नाही.

एका परिचिताने सरळ नवा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने बाजूचा छोटा स्क्रू फिरवून पाहण्यास सांगितले. यांपैकी काहीही करण्यापूर्वी दोष नक्की कार्ब्युरेटरमध्येच आहे हे कसे ठरवावे, आणि असल्यास त्याच्या कोणत्या भागात आहे हे बाहेरूनच कळू शकते का, हे जाणून घ्यायचे आहे.

---

तेलकटहात

तो स्क्रू कृपया फिरवू नका. आठ महिन्यांपूर्वी इंजिन नीट चालत होते आणि दरम्यान त्या स्क्रूला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे तो आजही जागेवरच आहे. तो फिरवलात तर आधी एक दोष होता, आता दोन होतील.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनातच निम्मे निदान आहे. चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप. ती लावली की हवेची वाट अडते, आतल्या नळीतली ओढ वाढते आणि एरवी जेवढे पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोटीतून, वर आले असते त्याहून जास्त खेचले जाते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असली तर ते पूर्ण जळते. भार असताना इंजिनाला याहून थोडे अधिक पेट्रोल लागते. तेव्हा जे गरम इंजिन चोक लावल्यावरच चालते, त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळते आहे हे निश्चित झाले. मात्र ते का कमी मिळते याची तीन उत्तरे संभवतात: टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पुरेसे येत नाही, किंवा येते पण जेट तुंबले आहेत, किंवा जेट ठीक असून कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातून फाजील हवा आत शिरते आहे. लक्षण तिन्हींचे एकच दिसते, आणि म्हणूनच लोक पहिल्याच अंदाजावर कार्ब्युरेटर खोलून बसतात.

आवाज चढण्या-उतरण्याबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्याचा दोष बहुतेक वेळा बिचाऱ्या गव्हर्नरवर, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेवर येतो. जनरेटरवर भार नसतो तेव्हा थ्रॉटल (इंजिनात किती मिश्रण जावे ते ठरवणारी झडप) जवळजवळ मिटलेले असते आणि पेट्रोल मुख्यतः छोट्या जेटच्या, म्हणजे पायलट जेटच्या वाटेने येते. ही वाट तुंबली की वेग पडतो. वेग पडला म्हणून गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, थ्रॉटल उघडले की मुख्य जेट पेट्रोल देऊ लागतो आणि वेग उसळतो. वेग उसळला म्हणून गव्हर्नर थ्रॉटल पुन्हा मिटतो आणि इंजिन पुन्हा त्या तुंबलेल्या वाटेवर येऊन पडते. गव्हर्नर आपले काम चोख करत असतो, पण बघणाऱ्याला डोलताना तोच दिसतो. खात्री करायची असल्यास थ्रॉटलचा दांडा बोटांनी एका जागी स्थिर धरून पाहावा. तरीही वेग हेलकावे खात असेल तर दोष मिश्रणात आहे. हेलकावे थांबले तर गव्हर्नरची स्प्रिंग आणि दांड्यांचे सांधे तपासावेत. दांडा धरताना वेग वाढू देऊ नये.

आता न उघडता करायच्या चाचण्या सांगतो. सगळ्या मोकळ्या जागेत आणि इंजिन थंड असताना कराव्यात, अपवाद फक्त भाराच्या चाचणीचा.

इंजिन बंद पडताक्षणी दोरी पुन्हा न ओढता प्लग काढा आणि त्याचे टोक पाहा. ते कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओले आणि काळे असेल तर आपण चुकीच्या दिशेने विचार करतो आहोत. त्यानंतर कार्ब्युरेटरला येणारी नळी काढून एका भांड्यात धरा आणि कॉक उघडा. धार अखंड पडली पाहिजे. ही चाचणी दोनदा करा, एकदा टाकीचे झाकण घट्ट लावून आणि एकदा सैल करून. झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असेल तर घट्ट झाकणाखाली धार हळूहळू बारीक होत थांबते. अशी इंजिने सुरू चांगली होतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी मरतात, आणि त्यांचे कार्ब्युरेटर विनाकारण दहादा साफ झालेले असतात.

मग कार्ब्युरेटरच्या वाटीच्या (त्यात पेट्रोल साठते त्या खालच्या भागाच्या) तळाशी असलेला निचऱ्याचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या पारदर्शक भांड्यात घ्या आणि पाच मिनिटे स्थिर ठेवा. ते कसे दिसते ते इथे लिहा.

शेवटी, अर्धा चोक लावून इंजिन चालू ठेवा आणि त्यावर तारेचे जुने दिवे किंवा साधा हीटर यांसारखा भार टाका. वेगाबरोबर व्होल्टेजही डोलत असल्यामुळे दुसरे कोणतेही उपकरण या वेळी जोडू नये. भार पडताच हेलकावे थांबले तर पायलटची वाट दोषी आहे आणि मुख्य जेट बऱ्यापैकी मोकळा आहे असे समजावे.

---

शंकासुर

इतका खटाटोप कशासाठी? या इंजिनांचे कार्ब्युरेटर तयार मिळतात, दोन नटांवर बसतात आणि अर्ध्या तासात काम होते. आपल्या वेळेला काही मोल आहे की नाही?

---

तेलकटहात

शंकासुर, तुमचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वाटीच्या आत पांढरी भुकटी धरून धातूला खड्डे पडले असतील, आटे गेले असतील किंवा थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात खुळखुळत असेल तर मीही नवाच बसवतो. पण मूळ कचरा टाकीतून येत असेल तर नवा कार्ब्युरेटर चार दिवसांत त्याच अवस्थेत येतो. शिवाय सारखा दिसणारा प्रत्येक कार्ब्युरेटर सारखा नसतो. जेटचे भोक किंचित लहान-मोठे असले तरी इंजिन वेगळे वागते. आधी कारण कळू द्या, मग बदलायचे की नाही ते ठरवू.

---

दोरीओढ्या

सगळ्या चाचण्या केल्या. निरीक्षणे अशी:

प्लगचे टोक कोरडे आणि फिकट होते. नळीतून धार अखंड येते. झाकण घट्ट असताना सलग पाच मिनिटे पाहिली, तिच्यात फरक पडला नाही. भार टाकल्यावर हेलकावे बरेच कमी झाले, परंतु पूर्ण थांबले नाहीत, आणि चोक काढला की भार असतानाही इंजिन बंदच पडते. थ्रॉटलचा दांडा धरून पाहिला, तरी वेग डोलत राहिला.

वाटीतले पेट्रोल मात्र पाहण्यासारखे होते. रंग गडद पिवळा, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आणि भांडे तिरके केले की तळाशी तीन-चार पारदर्शक थेंब पाऱ्यासारखे घरंगळत होते. ते पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. हे पाणी असावे का? ते वाटीत कुठून आले?

---

रसायनी

ते थेंब पाण्याचेच आहेत, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यास त्या थेंबांत इथेनॉलही आहे.

पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वांत हलके घटक लवकर उडून जातात आणि थंड इंजिन सुरू होण्यासाठी नेमके तेच आवश्यक असतात. मागे उरलेल्या जड भागातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट राळ बनवतात. तुम्हाला आलेला रंगाच्या डब्याचा वास त्याचाच आहे. टाकीत पेट्रोल पुष्कळ असते, म्हणून हा बदल तिथे सावकाश होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत ते थोडेसेच असते आणि वाटी हवेला उघडी असते, त्यामुळे तिथे ते झपाट्याने बिघडते. टाकीतले पेट्रोल बरे दिसते म्हणून वाटीतलेही बरे असेल, असे समजू नये.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि रात्री निवते, दर वेळी थोडी दमट हवा आत घेते, आणि त्या हवेतली वाफ इथेनॉलमध्ये मुरते. काही प्रमाणापर्यंत हे पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते. ते प्रमाण ओलांडले किंवा तापमान खाली गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्रच वेगळे होऊन तळाशी बसतात. वाटीच्या तळाशी जेटचे तोंड असते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या थराचाच मिळतो. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर धरणारी पांढरी भुकटीही या थराचीच करणी असते.

आणखी एक बाब. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: एका भागाला सुमारे ९ भाग. त्यामुळे १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी १४.७ हा आकडा साधारण १४.१ वर येतो आणि २० टक्क्यांना साधारण १३.५ वर. ज्या जुन्या इंजिनाचे जेट निव्वळ पेट्रोलसाठी निवडलेले आहेत आणि ज्याचे मिश्रण आधीच काठावर आहे, त्याला जेट जरासा तुंबला तरी झळ लवकर बसते.

वेगळे झालेले पेट्रोल गाळून परत वापरू नये. वरच्या थरातून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन अंकही (ठोके न देता जळण्याच्या क्षमतेचे माप) उतरलेला असतो.

---

तेलकटहात

रसायनींनी माझे काम सोपे केले. भारावरही चोक काढता येत नाही, म्हणजे पायलटची वाट बहुधा पूर्ण बंद आहे आणि मुख्य वाटही अर्धवट तुंबली आहे. आता उघडायला हरकत नाही.

टाकीचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असणार नाही याची खात्री करा. पाना हातात घेण्यापूर्वी गव्हर्नरच्या दांड्यांचे आणि स्प्रिंगचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली होती हे उद्या आठवणार नाही, आणि चुकीच्या भोकात अडकवली तर इंजिनाचा वेगच बदलतो. स्प्रिंग ओढून काढू नका. कार्ब्युरेटर स्टडवरून थोडा पुढे सरकवून वळवला की ती आपोआप सुटते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड ठोकळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना गॅसकेट (सांधा हवाबंद करणारे पातळ थर) असतात. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने होते याचाही फोटो घ्या. फाटलेले गॅसकेट परत बसवलेत तर फाजील हवेचा दोष तुम्ही स्वतःच निर्माण कराल.

वाटी काढल्यावर फ्लोटची पिन सरकवून फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) आणि त्याला लटकलेली नीडल (वाटी भरली की पेट्रोलची वाट मिटवणारी सुई) वेगळी करा. फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटका आहे. नीडलच्या टोकावर बैठकीची गोल चीर उमटली असेल तर नीडल बदलावी लागेल. मधल्या खांबात तळाशी मुख्य जेट असतो. त्याच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा, कारण पितळ मऊ असते आणि एकदा खाच छिलली की पुढचे सगळे अवघड होते. जेट निघाल्यावर खांब उलटा करून हलके ठोका, म्हणजे आतली बारीक नळी बाहेर पडेल. तिच्या अंगावर ओळीने छिद्रे असतात आणि हवा पेट्रोलमध्ये तिथेच मिसळते. कार्ब्युरेटर साफ केला म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ही नळी कधी पाहिलेलीच नसते.

आता खरा आरोपी. अनेक छोट्या इंजिनांत पायलट जेट वाटीत नसतो. वरच्या बाजूला, वेग ठरवणाऱ्या प्लास्टिकच्या स्क्रूच्या टोपीखाली तो दडलेला असतो. तो स्क्रू किती वळणे फिरवला ते मोजून काढा आणि खालचा जेट हलक्या हाताने उचकटून वर घ्या. त्याला बारीक रबरी रिंग असते, ती हरवू नका. जेट उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार पाहा. मोकळा असेल तर टाचणीच्या टोकाएवढा, पण अगदी गोल आणि स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका दिसला नाही, किंवा चंद्रकोरीसारखा दिसला, तर जेट तुंबलेला आहे.

साफ करताना सुई, ड्रिल किंवा पोलादी तार वापरू नका. भोक थोडे जरी मोठे झाले तरी जेट कायमचा बिघडतो. वीजवाहक वायरमधल्या तांब्याच्या अनेक तारांपैकी एकच तार घ्या. तांबे पितळेपेक्षा मऊ असल्यामुळे भोकाला ओरखडा पडत नाही. मग रबराचे सगळे भाग बाजूला काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि साफ करण्याचा फवारा प्रत्येक वाटेत मारा. चष्म्याचे सांगणे औपचारिक समजू नका. वाट बंद असेल तर फवारा आला त्याच वाटेने उलटतो आणि थेट डोळ्यांकडे येतो. पायलटच्या वाटेत फवारा मारला की थ्रॉटलच्या झडपेजवळच्या बारीक छिद्रांतून तो बाहेर आला पाहिजे. ती छिद्रे दोन किंवा तीन असतात, आणि प्रत्येकातून स्वतंत्र धार येते का ते पाहायचे असते. एकातून आली म्हणून पुढे जाऊ नका.

मिश्रणाचा स्क्रू काढावाच लागला तर आधी तो आत फिरवत हलका टेकेपर्यंत किती वळणे होतात ते मोजून लिहून ठेवा आणि बसवताना तेवढीच वळणे बाहेर ठेवा. टेकल्यावर जोर लावू नका, टोकाला कायमची चीर पडते. हा स्क्रू थ्रॉटलच्या इंजिनाकडील बाजूला असेल तर बहुधा तो बाहेर काढल्याने पेट्रोल वाढते. फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवा ठरवतो, म्हणजे बाहेर काढल्याने उलट पेट्रोल कमी होते. दिशेचा हा घोळ अनेकांना भोवतो.

जोडून झाल्यावर, इंजिनावर चढवण्याआधी एक चाचणी करा. कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावा आणि फुंका. फ्लोटच्या वजनाने नीडल मिटलेली असल्यामुळे हवा जाता कामा नये. सुलटा धरला की हवा सहज गेली पाहिजे.

---

झुडुपछाट

माझ्या झुडपे छाटण्याच्या टू-स्ट्रोक यंत्रालाही हाच त्रास आहे, परंतु त्याच्या कार्ब्युरेटरला वाटीच नाही. एक पारदर्शक रबरी फुगा आणि एच आणि एल अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू आहेत. वरील पद्धत त्याला लागू पडते का?

---

तेलकटहात

लक्षणाचा अर्थ तोच, मात्र आतली रचना वेगळी. हातात धरायचे यंत्र कोणत्याही बाजूला कलते, म्हणून तिथे फ्लोट चालत नाही आणि त्याचे काम पातळ पडदा करतो. एक पडदा इंजिनाच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलून टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा एका छोट्या तरफेवरून नीडल उघडतो आणि मिटतो. जुन्या पेट्रोलने हे पडदे कडक होतात. नवा पडदा बोटावर ठेवला तर कापडासारखा लवतो, कडक झालेला वाळक्या पानासारखा कडकडतो. तो तरफेला पुरेसा दाबू शकत नाही, पेट्रोल कमी पडते आणि यंत्र चोकवरच चालते.

पण आधी टाकीतला फिल्टर पाहा. तो नळीच्या टोकाला असतो आणि वाकवलेल्या तारेने झाकणाच्या तोंडातून बाहेर ओढता येतो. नळीला चीर गेली असेल तर तीही बदला. हे दोन्ही ठीक असेल तरच पडदे आणि गॅसकेट यांचा संच बदला. काढताना क्रमाचा फोटो घ्या, कारण दोन बाजूंना पडदा आणि गॅसकेट यांचा क्रम सहसा उलट-सुलट असतो आणि तो चुकला की यंत्र सुरूच होत नाही.

एक इशारा. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच येते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर ऑइल पडते आणि २५ ला १ मध्ये ४०. एचचा, म्हणजे पूर्ण वेगाच्या मिश्रणाचा, स्क्रू जास्त आत घेऊन यंत्र पूर्ण वेगाने पळवले की आवाज मोठा सुरेख येतो आणि पिस्टन चिकटतो. भार नसताना पूर्ण वेगावर आवाज किंचित घोगरा असावा आणि कापायला लागल्यावर तो मोकळा व्हावा. थ्रॉटल सोडल्यावर वेग लगेच खाली न येता क्षणभर वरच रेंगाळत असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी गॅसकेट आणि क्रँकशाफ्टचे सील यांतून हवा शिरते का ते तपासा.

---

शंकासुर

आता आलोच आहे तर माझेही विचारतो. माझ्या पाण्याच्या पंपाचे इंजिन उलट वागते: काळा धूर, हवेच्या फिल्टरमधून पेट्रोल ठिबकते, आणि ऑइल तपासण्याच्या काडीला पेट्रोलचा वास येतो.

---

तेलकटहात

ते इंजिन आत्ताच बंद ठेवा आणि टाकीचा कॉक मिटवा. नीडल बैठकीवर बसत नाही, म्हणून टाकीतले पेट्रोल वाटी भरून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते आहे. ऑइलची पातळी वाढलेली दिसेल. हे वाढलेले ऑइल वंगणाच्या लायकीचे राहत नाही. नीडल दुरुस्त केल्यावर ते पूर्ण बदलावे लागेल. दोरी मध्येच घट्ट अडत असेल तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये द्रव पेट्रोल साठलेले असू शकते आणि द्रव दाबला जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिनाचा स्विच बंद ठेवा, प्लग काढा आणि सावकाश दोरी ओढून पेट्रोल बाहेर जाऊ द्या. नीडलच्या बैठकीत कचऱ्याचा एखादा कण अडकलेला असणे हे सर्वांत साधे कारण. चोकची झडप पूर्ण उघडते का तेही पाहा.

---

दोरीओढ्या

आज कार्ब्युरेटर उघडला. पायलट जेटमधून उजेडाचा ठिपका अजिबात दिसला नाही. तांब्याची तार पहिल्यांदा आत जाईचना. फवारा मारून दहा मिनिटे ठेवल्यावर ती गेली आणि तिच्याबरोबर हिरवट-तपकिरी, मेणासारखा गोळा बाहेर आला. मुख्य जेटवरच्या नळीची दोन छिद्रे बुजलेली होती. ही नळी अस्तित्वात आहे हे इथे वाचले नसते तर मी ती तशीच आत ठेवली असती. झडपेजवळच्या तीन छिद्रांपैकी दोनांतून फवारा लगेच आला, तिसऱ्यातून चौथ्या प्रयत्नात आला. जुने पेट्रोल काढून नवे भरले. तिसऱ्या ओढीत इंजिन सुरू झाले आणि अर्ध्या मिनिटात चोक पूर्ण काढता आला. आवाज एकसारखा आहे. सर्वांचे मनापासून आभार.

---

दोरीओढ्या (तीन दिवसांनी)

आभार मानण्याची घाई झाली. आज पुन्हा तोच लाटेसारखा आवाज सुरू झाला. पेट्रोल ताजे आहे, मधल्या काळात इंजिन मिळून चार तास चालले असेल. शंकासुरांचे ऐकायला हवे होते का?

---

तेलकटहात

राळ तीन दिवसांत तयार होत नाही, म्हणजे या वेळी कचरा दुसरा आहे. वाटी पुन्हा उघडा, तळाशी जे काही सापडेल ते पांढऱ्या कागदावर घ्या, वाळू द्या आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा.

---

दोरीओढ्या

कागदावर तपकिरी पुडीसारखे काहीतरी होते. खालून चुंबक फिरवल्यावर त्यातले बहुतेक कण त्याच्यामागे रांगेने सरकले. म्हणजे गंज. टाकी काढून आत विजेरी मारली, तर पेट्रोलच्या जुन्या पातळीच्या वरचा सगळा पत्रा तांबूस झालेला आहे. कॉकच्या तोंडावरची बारीक जाळी काढून पाहिली तर ती एका बाजूने फाटलेली होती.

---

तेलकटहात

मग नवा कार्ब्युरेटर बसवला असतात तर तोही आज तुंबला असता. टाकी पूर्ण रिकामी करा, मूठभर छोटे नट आणि थोडे ताजे पेट्रोल आत घालून सावकाश हलवा आणि ओता. ओतलेले पेट्रोल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. नट आत घातले तेवढेच बाहेर आले का ते मोजा. जाळी नवी बसवा आणि नळीत एक छोटा पारदर्शक फिल्टर घाला. अशा टाकीतून पेट्रोल नुसत्या उताराने येते, पंप नसतो, म्हणून फार दाट जाळीचा फिल्टर घेऊ नका, नाहीतर पूर्ण भारावर पेट्रोल अपुरे पडेल. पुढच्या वेळी जनरेटर दीर्घकाळ ठेवताना पेट्रोल काढून टाका, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि तरीही वाटीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून उरलेले थेंब जाऊ द्या. इंजिन थांबते तेव्हा वाटी पूर्ण रिकामी झालेली नसते.

---

दोरीओढ्या

टाकी पाच वेळा धुतली. बारा नट घातले होते, बाराही परत आले. जाळी आणि फिल्टर बसवला, दोन्ही जेट पुन्हा काढून उजेडात पाहिले. पायलट जेटमध्ये गंजाचा एकच कण आडवा अडकलेला होता आणि उजेडाचा ठिपका खरोखरच चंद्रकोरीसारखा दिसत होता. त्यानंतर सलग दोन तास चालवले. भार नसताना वारंवारता ५१.५ हर्ट्झ आणि निम्म्या भारावर ५० च्या आसपास राहते, म्हणजे इंजिनाचा वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या जागी आहे आणि गव्हर्नरची स्प्रिंगही योग्य भोकात बसली आहे. थांबवल्यावर वाटीतले पेट्रोल काढून पाहिले. पाणी नव्हते, पण कागदावर दोन बारीक कण उरले आणि चुंबक लावताच दोन्ही हलले. ते नळीतले जुने असावेत असे वाटते. तरी पुढच्या आठवड्यात वाटी पुन्हा उघडून पाहीन आणि कणांची संख्या इथेच लिहीन.